पाण्याखालचं हरितगृह: हवा, वजन आणि उजेडाचा हिशेब

फालुद्यात घालतात तो सब्जा म्हणजे बेसिलचं बी. आपल्या तुळशीच्याच कुळातली ही वनस्पती. इटलीच्या लिगुरिया प्रांतात, समुद्रकाठच्या नोली या गावासमोर, २०१२ साली याच बेसिलची रोपं पाण्याखाली हवेनं भरलेल्या पारदर्शक घुमटात वाढवून पाहिली गेली. कल्पना सर्जिओ गाम्बेरिनी यांची. त्यांची ओशन रीफ ही कंपनी डायव्हिंगचं साहित्य बनवते, त्यामुळे पाण्याखाली काम करणारी माणसं आणि साधनं त्यांच्या हाताशी होती. प्रकल्पाचं नाव 'नेमोज गार्डन'. बेसिलपासून सुरुवात झाली, कारण लिगुरिया हा पेस्तो चटणीचा मुलूख आणि बेसिलशिवाय पेस्तो होत नाही. पुढे लेट्यूस, टोमॅटो, स्ट्रॉबेरी अशी पिकंही लावली गेली.

हे ऐकल्यावर कोल्हापुरात दोन प्रश्न हमखास येतात. शहरातल्या रंकाळा तलावात असं काही करता येईल का? आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी याचं चालतं मॉडेल बनवता येईल का? पहिल्याचं उत्तर बहुतेक 'नाही' असंच येतं, आणि ते का येतं हे समजून घेण्यातच सगळी मजा आहे. दुसऱ्याचं उत्तर मात्र ठाम 'हो' आहे. कृती मापांसह पुढे दिली आहे.

हवा आत राहते कशी

पेला पालथा करून सरळ बादलीत दाबा. आत पाणी शिरत नाही, हवा अडकून राहते. नोलीचे घुमट याच तत्त्वावर चालतात. खालून ते उघडेच असतात. तळाला दार नाही, झाकण नाही. खालून पाणी आणि वर हवा, दोघांचा दाब सारखा, म्हणून दोघंही आपापल्या जागी राहतात. डायव्हर खालून पोहत येतो आणि डोकं वर काढून आत काम करतो.

मात्र खोल जावं तशी हवा आक्रसते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, त्यामुळे आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी. त्यात १० मीटर पाण्याचा दाब मिळवला की एकूण दाब दुपटीच्या थोडा वर जातो. म्हणजे वरून भरून नेलेला घुमट १० मीटरवर पोहोचेपर्यंत आतली हवा निम्म्याहून किंचित कमी होते आणि उरलेली जागा पाणी घेतं. रोपांचा ट्रे बुडतो तो इथेच. म्हणून घुमट आधी खाली बांधायचा आणि मग नळीनं हवा सोडायची. २००० लिटरचा घुमट ८ मीटरवर पूर्ण भरायला वरची साधारण ३६०० लिटर हवा लागते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'एवढ्या खोल पाण्याच्या दाबानं घुमट चेपणार नाही का?' असं अनेकांना वाटतं. बंद डबा असता तर चेपला असता. उघड्या घुमटात आतली हवाही तेवढ्याच दाबाची असते. उलट घुमटाच्या माथ्यावर आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त असतो. आतल्या पाण्याच्या पातळीपासून माथा एक मीटर वर असेल, तर माथ्याजवळ दर चौरस मीटरला सुमारे एक टन जोर आतून बाहेर लागतो. म्हणून माथ्याला सुईएवढं भोक पडलं तरी हवा तिथून सुटत राहते आणि पाणी वर चढत जातं. कडेला, पाण्याच्या पातळीजवळ, तेवढंच भोक असेल तर फारसं बिघडत नाही. सांधे, बोल्ट, नळ्यांची तोंडं जेवढी खाली ठेवता येतील तेवढी खाली ठेवायची, हा नियम त्यातून आला.

दोन टनांची उचल

पाण्याखालच्या हरितगृहात सगळ्यात अवजड भाग असतो तो घुमटाला खाली धरून ठेवणाऱ्या वजनाचा. २००० लिटर हवा म्हणजे गोड्या पाण्यात २ टन उचल. खाऱ्या पाण्यात थोडी जास्तच. घुमटाचं स्वतःचं वजन त्यापुढे किरकोळ. लाटा, ओढ आणि धक्के धरून दीडपट, म्हणजे ३ टन वजन पाण्यात भरलं पाहिजे.

'पाण्यात भरलं पाहिजे' हे शब्द महत्त्वाचे, कारण पाण्यात प्रत्येक वस्तू हलकी होते. काँक्रीटचं पाण्यातलं वजन हवेतल्याच्या ५८ टक्के, आपल्या काळ्या दगडाचं ६४ टक्के, बिडाचं (ओतीव लोखंडाचं) ८६ टक्के. म्हणजे ३ टनांसाठी काँक्रीट ५ टनांच्या वर, दगड ४.७ टन आणि बीड साडेतीन टन लागेल. शिवाजी उद्यमनगरात आणि एमआयडीसीच्या फाउंड्र्यांमध्ये बिडाचं ओतकाम रोजचं आहे. त्यामुळे वजनाचे ठोकळे ओतून घेणं ही इथली सर्वांत सोपी गोष्ट ठरावी. अवघड आहे ते ओझं सगळीकडून सारखं वाटणं. एका बाजूची साखळी दोन इंच लांब राहिली की घुमट कलतो, वर गेलेल्या बाजूच्या कडेखालून हवा भसकन निघते, उचल कमी होते आणि घुमट आणखी डुचमळतो. म्हणून प्रत्येक साखळीला टर्नबकल (पिळून लांबी कमी-जास्त करायचा आटे असलेला जोड) लावून लांबी पाण्यातच जुळवतात. आत तरंगणारी लेव्हल ठेवली की कल लगेच कळतो.

पाणी काय देतं

पहिली देणगी स्थिर तापमान. एक घनमीटर पाणी एक अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात साडेतीन हजार घनमीटर हवा एक अंशानं तापते. त्यामुळे दिवसा ऊन आणि रात्री थंडी यांचा हेलकावा पाणी गिळून टाकतं. पॉलीहाऊसमध्ये मे महिन्यात फॉगर, पंखे, शेडनेट लावूनही जी लढाई चालते, ती इथे लढावीच लागत नाही.

दुसरी देणगी गोडं पाणी, आणि समुद्रासाठी ही सर्वांत मोलाची. उन्हानं आतली हवा आणि पाण्याचा पृष्ठभाग तापतो, वाफ होते, मीठ खालीच राहतं. घुमटाची भिंत बाहेरच्या गार पाण्याला टेकलेली, म्हणून तिच्यावर वाफेचे थेंब जमतात आणि ओघळतात. कडेला पन्हळ केली की ते पाणी रोपांना देता येतं. आता हिशेब बघा. ३० अंशांच्या दमट हवेत दर घनमीटरला ३० ग्रॅम वाफ मावते, २५ अंशांना २३ ग्रॅम. म्हणजे २००० लिटर हवा एकदा ३० वरून २५ वर आली, तर जेमतेम १५ ग्रॅम, एक मोठा चमचा पाणी मिळतं. हवा तापून वर जाणं, भिंतीला गार होऊन खाली येणं हा फेरा दिवसभर चालू राहतो म्हणूनच लिटरमध्ये पाणी साठतं. ढगाळ दिवशी फेरा मंदावतो आणि पन्हळ कोरडी पडते.

तिसरी देणगी कीड कमी. मावा, फुलकिडे, पांढरी माशी पाणी ओलांडून येत नाहीत. पण कोकोपीटबरोबर (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा रोपाबरोबर जे आत गेलं ते तिथेच राहतं आणि त्याचा शत्रूही आत नसतो. माती नको, धुतलेलं कोकोपीट किंवा रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) वापरायचं आणि बी आतच रुजवायचं ते यासाठी.

कोल्हापूरपुरतं प्रामाणिक बोलायचं तर दुसऱ्या देणगीचा आपल्याला उपयोग नाही. आपली तळी, नद्या, विहिरी गोड्याच आहेत. ज्या किनाऱ्यावर जमीन नापीक आहे आणि गोडं पाणी विकत आणावं लागतं, तिथे या कल्पनेला अर्थ आहे.

पाणी काय घेतं: उजेड

आणि इथे सगळं ठरतं. पाणी उजेड खातं, तोही रंग निवडून. अगदी शुद्ध पाण्यातसुद्धा ५ मीटरवर निळा उजेड ९५ टक्के उरतो, पण झाडाला हवा असलेला लाल उजेड पाचव्या हिश्शाच्या खाली येतो. नोलीचं पाणी नितळ, म्हणून तिथे साधारण ६ ते १० मीटरवर घुमट ठेवता येतात. तलावात गाळ आणि शेवाळ असतं, ते निळाही खातं.

तुमच्या पाण्यात किती उजेड आहे हे मोजायला महाग यंत्र लागत नाही. इटलीचे धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ साली वापरलेली पांढऱ्या तबकडीची युक्ती आजही जगभरचे तलाव-अभ्यासक वापरतात. २० सेंटीमीटर व्यासाची स्टीलची ताटली घ्या. तिचे चार समान भाग करून समोरासमोरचे दोन काळे आणि दोन पांढरे ऑइलपेंटनं रंगवा. मध्ये भोक पाडून दोरी ओवा आणि खाली अर्धा किलो वजन बांधा. दोरीवर दर १० सेंटीमीटरला खूण करा. सकाळी १० ते दुपारी २ या वेळात, नावेच्या किंवा धक्क्याच्या सावलीच्या बाजूनं ताटली सोडा. दिसेनाशी झाली ती खोली लिहा. पुन्हा वर ओढताना दिसू लागली ती खोली लिहा. दोन्हींची सरासरी म्हणजे त्या पाण्याची पारदर्शकता.

आता ढोबळ नियम. त्या खोलीच्या निम्म्यावर वरच्या उजेडापैकी ४० टक्क्यांच्या आसपास उरतो. त्या खोलीवर १८ टक्के. दुप्पट खोलीवर जेमतेम ३ टक्के. पाण्याच्या पृष्ठभागावरून थोडा परततो, घुमटाचं ॲक्रिलिक (पारदर्शक प्लास्टिक) आणखी ८ टक्के घेतं, भिंतीवरचे थेंब आणि बाहेरचं शेवाळ आणखी. कोल्हापुरात मार्चच्या स्वच्छ दिवसाचा उघड्यावरचा उजेड १०० धरला, तर बेसिल, कोथिंबीर यांना किमान ३० ते ३५ लागतो. म्हणजे रोपं असतील ती पातळी ताटली दिसेनाशी होते त्याच्या निम्म्याहून खाली नको. ताटली ६० सेंटीमीटरवर नाहीशी होत असेल, तर रोपं ३० सेंटीमीटरवर. तेवढ्यासाठी पाण्याखाली जायचं कशाला?

आपल्या आसपासचं पाणी या कसोटीवर घासून बघा. रंकाळ्यात शेवाळ आणि केंदाळाचा जुना त्रास आहे, हिरवट पाण्यात ताटली लवकर गडप होते. कळंबा पिण्याच्या पाण्याचा तलाव, तिथे असले प्रयोग करायचेच नाहीत. पंचगंगा पावसाळ्यात गढूळ आणि बेभरवशाची. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका पातळी असलेल्या नदीत काहीही बांधून ठेवणं धोक्याचं. विहिरीचं पाणी पुष्कळदा नितळ असतं, पण काठामुळे ऊन दुपारी घटकाभरच तळाशी पोहोचतं.

राधानगरीसारख्या धरणात आणखी एक अडचण येते. पावसाळ्यात भरलेली पातळी उन्हाळ्यापर्यंत खूप खाली जाते. तळाला बांधलेला घुमट नोव्हेंबरात फार खोल असेल आणि मे महिन्यात उघडा पडेल. तिथे घुमट तराफ्याखाली टांगावा लागतो, म्हणजे पृष्ठभागापासूनचं अंतर कायम राहतं. पण मग तराफ्याचा हिशेब नीट करायला हवा. नेहमीच्या दिवशी ३ टन वजनातून २ टन उचल वजा जाऊन तराफ्यावर १ टनच येतो. घुमट फुटला आणि हवा गेली की एका क्षणात ३ टन येतात. तराफा १ टनाचा बांधला असेल तर सगळंच तळाला. तराफ्याच्या स्वतःच्या अर्ध्या टनासकट साडेतीन टन पेलायला २०० लिटरची निदान २० बंद पिंपं हवीत. धरण असो वा तलाव, पाटबंधारे खातं किंवा महापालिका यांची लेखी परवानगी आधी लागते हे वेगळं सांगायला नको.

घाट उतरून मालवण-तारकर्लीला गेलं तर पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत पाणी बरंच नितळ असतं, म्हणूनच तिथे स्कूबा डायव्हिंग चालतं. तिथे खारं पाणीही आहे आणि प्रशिक्षित डायव्हरही. पण पावसाळ्यात समुद्र खवळतो तेव्हा सगळी रचना बाहेर काढावी लागेल, आणि मालवणचा काही भाग सागरी अभयारण्य आहे. आमचं मत विचाराल तर महाराष्ट्रात खरा प्रयोग करायचा असेल तर जागा किनाऱ्यावरचीच. कोल्हापूरच्या शेतकऱ्याला पालेभाजीसाठी शेडनेट आणि पॉलीहाऊस आजही कितीतरी स्वस्त आणि खात्रीचं आहे.

एक गोष्ट अगदी गंभीरपणे. कुणीही घरगुती पिंप किंवा टाकी पालथी घालून विहिरीत, शेततळ्यात तिच्यात डोकं घालू नये. आतल्या हवेतला प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि माणसाला शुद्ध हरपेपर्यंत कळत नाही. शिवाय दाबाखालची हवा छातीत भरून श्वास रोखून वर आलं, तर एक-दीड मीटर खोलीवरूनसुद्धा फुप्फुस फाटू शकतं. मोठ्या घुमटाचं काम फक्त प्रशिक्षित डायव्हरनं करायचं.

आतली हवा आणि दमटपणा

घुमटातली हवा कोंडलेली असल्यामुळे झाडाचं खाणं लवकर संपतं. ८ मीटरवरच्या २००० लिटर घुमटात सगळा मिळून जेमतेम पावणेतीन ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. एक चौरस मीटर पानं भर उजेडात तासाला दीड ग्रॅमच्या आसपास खातात. म्हणजे सकाळी नऊला ऊन चढलं की अकराच्या आत ताट रिकामं. काही वायू पाण्यातून आत येतो, काही डायव्हरच्या उच्छ्वासातून, पण भरवशाचा उपाय एकच: वरून नळीनं ताजी हवा सोडत राहणं.

दुसरा त्रास दमटपणाचा, आणि पीक बहुतेक वेळा यानंच जातं. झाड मुळांतून पाणी ओढतं ते पानांतून वाफ जाते म्हणून. हवा आधीच वाफेनं गच्च भरली असेल तर पानातून वाफ जात नाही, ओढ थांबते आणि पाण्याबरोबर वर चढणारं कॅल्शियम कोवळ्या पानांच्या टोकाला पोहोचत नाही. टोकं तपकिरी पडतात. बघणाऱ्याला वाटतं खत कमी पडलं, म्हणून तो खत वाढवतो आणि रोगट वाढ आणखी बिघडते. खरा उपाय छोटा पंखा. पानाभोवतीची हवा हलली, गार भिंतीला टेकून तिच्यातली वाफ गळली, की पान पुन्हा श्वास घेतं. रोपं दाट पेरली तर पंख्याचाही उपयोग होत नाही. बुडखा ओला राहतो आणि रोप मातीलगत कोलमडतं.

घरी किंवा शाळेत करायचं मॉडेल

साहित्य: ६० × ३० सेंटीमीटर तळाची आणि ४५ सेंटीमीटर उंच काचेची मासे पाळायची टाकी. पाण्याचा ५ लिटरचा पारदर्शक जार. टाकीचा साधा एअर पंप, दोन मीटर नळी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप). अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे १० सेंटीमीटरचे तीन तुकडे. १२ सेंटीमीटर व्यासाची प्लास्टिकची चाळणी. सिलिकॉनची ट्यूब, केबल टाय, नायलॉनची दोरी. काळ्या दगडांच्या अडीच-अडीच किलोच्या चार पोटल्या. भिजवलेलं कोकोपीट, अर्धा चमचा मेथी आणि चिमूटभर सब्जा.

जारचा तळ कडेपासून ४ सेंटीमीटरवर सरळ कापा. कड वाकडी झाली तर हवा एका बाजूनं निघेल, म्हणून कापण्याआधी कागदाची पट्टी गुंडाळून खूण करा. झाकण सिलिकॉननं बंद करून २४ तास सुकू द्या. जारला वरच्या भागात एकही भोक पाडायचं नाही. कडेपासून १ सेंटीमीटरवर मात्र तीन ठिकाणी बारीक भोकं पाडून पाइपचे तुकडे आतल्या बाजूनं उभे बांधा. त्यांच्यावर चाळणी बसेल. चाळणी आणि जारच्या भिंतीत दोन सेंटीमीटर फट राहू द्या.

आता जारमध्ये साधारण ४ लिटर हवा, म्हणजे ४ किलो उचल. दगड मिळून १० किलो, पाण्यात ६.४ किलो. हिशेब पुरतो. जारच्या खांद्यावरून चार दोऱ्यांची जाळी घाला आणि प्रत्येक दोरी एका पोटलीला अशी बांधा की जारची कड तळापासून ८ सेंटीमीटरवर राहील. चारही दोऱ्या पट्टीनं मोजा. टाकीच्या तळाला आधी रबरी मॅट घाला, नाहीतर दगड काच तडकवेल. भरलेली टाकी नव्वद किलोच्या आसपास जाते, म्हणून प्लास्टिकच्या टेबलावर ठेवू नका.

हवेची नळी कडेखालून आत घेऊन चाळणीच्या वर, जारच्या माथ्याजवळ सोडा. ताजी हवा वरून येईल आणि जुनी कडेखालून बुडबुड्यांनी निघेल. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पंपाजवळ लावायला विसरू नका. पंप बंद झाला की जारमधली दाबाची हवा नळीतून उलटी पंपात जाते, पाणी वर चढतं आणि सकाळी रोपं बुडालेली दिसतात. शाळांमधली बहुतेक मॉडेलं या एका बारक्या व्हॉल्व्हवाचून बिघडतात.

भरलेल्या टाकीत जार दाबून बसवायला जाऊ नका. ४ किलोची उचल हातानं धरताना जार कलतोच. त्याऐवजी रिकाम्या टाकीत सगळं बांधून घ्या आणि मग पाइपनं हळूहळू पाणी भरा. पाणी कडेपर्यंत आलं की हवा आपोआप अडकते. ४० सेंटीमीटरपर्यंत भरा, जारच्या माथ्यावर ५-६ सेंटीमीटर पाणी राहील.

पहिली रात्र रोपांविना जाऊ द्या. जारवर आतल्या पाण्याची खूण करा. सकाळपर्यंत अर्धा सेंटीमीटर चढलं तर ते रात्रीच्या गारव्यानं, काळजी नको. जास्त चढलं तर झाकण गळतंय. पाणी काढून सिलिकॉन पुन्हा लावा.

मग पाणी सायफननं कडेच्या खाली आणा, चाळणीत ३ सेंटीमीटर कोकोपीट भरा. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब पडतील एवढंच ओलं हवं, धार लागली तर बुरशी ठरलेली. आठ तास भिजवलेली मेथी अर्ध्या भागात विरळ पसरा, दुसऱ्या अर्ध्यात कोरडा सब्जा. सब्जा आधी भिजवला तर त्याचा गर होऊन गोळे बनतात. पाणी पुन्हा भरा. पंप सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पंधरा-पंधरा मिनिटं चालवा.

टाकी पूर्वेच्या खिडकीत ठेवा. दुपारचं थेट ऊन नको. पाणी तापतं आणि चार दिवसांत काच हिरवी होते. खिडकी नसेल तर २० वॅटचा पांढरा एलईडी पाण्यापासून २० सेंटीमीटरवर, रोज १४ तास. मेथी दोन-तीन दिवसांत, सब्जा चार ते सात दिवसांत उगवतो. मेथी लांबुडकी आणि फिकट होऊन एका बाजूला झुकली तर उजेड कमी आहे. बुडखा काळा पडून कोलमडली तर पेर दाट झाली किंवा कोकोपीट जास्त ओलं राहिलं. बाहेरून जार दर तीन दिवसांनी मऊ स्पंजनं पुसा. मोठा ॲक्रिलिक घुमट असेल तर स्पिरिट किंवा थिनर चुकूनही लावू नका, त्यानं पृष्ठभागावर केसासारख्या भेगा पडतात आणि उजेड कायमचा जातो.

खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी दाखवायचं असेल तर चाळणी आणि कोकोपीट काढून टाका, नाहीतर कोकोपीटमधलं पाणीच वाफ होऊन फसवेल. टाकीतल्या ६४ लिटर पाण्यात सव्वादोन किलो जाडं मीठ विरघळवा, म्हणजे समुद्राएवढा खारेपणा येईल. जारच्या आत पाण्यावर थर्मोकोलची चकती तरंगत ठेवून तिच्यावर काळं सुती फडकं पसरा, त्याची टोकं पाण्यात सोडा. उन्हानं फडकं तापतं आणि वाफ वाढते. जारच्या भिंतीला आतून, कडेपासून ५ सेंटीमीटर वर, चिरलेल्या नळीची पन्हळ सिलिकॉननं चिकटवा, तिला एका बाजूला उतार द्या आणि उताराखाली छोटी बाटली बांधा. या प्रयोगात पंप बंद ठेवा, ताजी हवा वाफ घेऊन बाहेर जाते. दिवसभरात थोडेच थेंब जमतील. ते आणि टाकीतलं पाणी टीडीएस मीटरनं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) मोजून दाखवा. टाकीतल्या पाण्याला साधा मीटर पुरत नाही, म्हणून त्याच्या एका भागात नऊ भाग डिस्टिल्ड पाणी मिसळून मोजा आणि आकड्याला दहानं गुणा.

दहाव्या दिवशी मेथी कापायची तेव्हा आधी पाणी सायफननं कडेच्या खाली न्या, मग दोऱ्या सोडा. उलट केलं तर जार बुचासारखा उसळून वर येतो आणि दहा दिवसांची मेथी पाण्यात सांडते.